ठकूबाईने घेतलं इंटरनेट

एका जंगलात, मुलांनो, वाघ उरला होता एक आणि इंटरनेट विकणारे झाले होते तीन. वाघ दिसला तर पळून तरी जाता येई.

त्या जंगलात ठकूबाई नावाची साळिंदरीण राहायची. भाऊ दगडू नदीपलीकडे. त्याला मुलगी झाली. आता आत्याने कानात नाव सांगून कुर्रर्र केल्याशिवाय बारसं कसलं? त्या वेळी बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. साळिंदरांत जरा जपून घालतात, एवढंच.

पण नदीला आला पूर. दगडूने बगळ्याकडून निरोप धाडला, "अक्का, इंटरनेट घे. मोबाइल बाळाच्या कानाशी धरतो."

ठकूबाईने नाव मनात ठरवून ठेवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं.

आधी आली घार. "माझं इंटरनेट थेट आभाळातून. बिळावर थाळी बसवायची, झालं!"

"आणि ढग आले की?"

"जरा धीर धरायचा."

"पावसाळाभर? ऊठ, चालती हो."

मग आला वानर. "केबल घ्या, अक्का. झाडावरून झाडावर. दगडूदादांनी माझीच घेतलीय."

"तुझी पोरं त्या केबलीला लोंबकळतात, ते दिसत नाही का मला?"

"पोरंच ती. खेळणार नाहीत?"

"मग खेळू दे. मला नको."

शेवटी घूस आली. मिश्या पुसत बसली. "माझी फायबर, अक्का. जमिनीखालून. काचेची तार, उजेडासारखी पळते."

"कोणी कुरतडली तर?"

घूस हसली. "कोण कुरतडणार? या जंगलात तारा कुरतडते ती मीच. गिऱ्हाइकाच्या तारेला मात्र दात लावत नाही हो."

ठकूबाईला हे फार पटलं. चोराच्याच हाती किल्ली दिली की घर सुरक्षित, असा तिने हिशोब केला आणि फायबर घेतली.

बारशाच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून मोबाइलसमोर बसली. वेग असा की बोट लावायच्या आत चित्र हजर. दगडू तेवढा लागेना. पुन्हा लावला. लागेना. ठकूबाईचे काटे फुलले. लुगड्याची चाळण झाली.

"घुशे! इकडे ये!"

घुशीने तार तपासली. "तुमच्याकडे काही दोष नाही, अक्का. वेग बघा कसा झकास आहे! पलीकडे वानराची केबल होती."

"होती म्हणजे?"

"जांभळीच्या बुंध्याशी उतरत होती. आता नाही उतरत." घुशीने पुन्हा मिश्या पुसल्या. "अशाने गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. तुम्ही नाही का आलात?"

संध्याकाळी बगळा आला. म्हणाला, "मुहूर्त टळू नये म्हणून केबल दुरुस्तीला आलेल्या वानरिणीनेच कुर्रर्र केलं. नाव ठेवलं शेपटी. बायकांनी तिच्या पाठीत मनसोक्त धपाटे घातले. काटे नव्हते ना!"

ठकूबाईने ठरवलेलं नाव तोंडातच राहिलं.

तात्पर्य: मुलांनो, इंटरनेट घ्यायचं तर सगळ्यात वेगवान घ्यावं. पलीकडे कोणी उरलेलं नाही, हे चटकन कळतं.