दौलतभाऊंची कोरडी सकाळ

सकाळी लवकर दौलतभाऊ टेलरकडे शर्टाचं बटण लावायला गेलात, तर ते सुई-दोरा तुमच्याच हातात देतील आणि सांगतील, "टोक तुम्हीच ओलं करा. माह्या तोंडात सध्या दुष्काळ हाये."

वरोऱ्याच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून आहे. दोऱ्याचं टोक धरून बावचळलेलं गिऱ्हाईक दिसलं की मी समजतो, शेजारचं दुकान उघडलं. तोंडाला पाणी सुटावं म्हणून दौलतभाऊंनी मशीनवर चिंचेचा गोळा ठेवला होता. आधी त्याच्याकडे टक लावून बघायचे, बघून भागलं नाही की चोखायचे. "वाटीत पाणी ठेवा ना," मी एकदा म्हणालो. "पाण्यानं टोक फुगते. मापात बोला!" हे 'मापात बोला' त्यांचं ठरलेलं. देवळातल्या पुजाऱ्यालाही त्यांनी ते ऐकवलंय.

आपल्या तोंडाला वास येतो अशी त्यांना शंका होती, म्हणून गळ्याचं माप ते तोंड फिरवून घेत. आमच्या गल्लीतल्या निम्म्या कॉलरी त्यामुळे तिरप्या. त्यात दिवसा डुलक्या. एकदा डुलकीतच त्यांनी एका नवरदेवाच्या पँटचा पाय खालून शिवून टाकला. बिचारा पाय घालतोय, घालतोय, पण पाऊल काही बाहेर येईना. दौलतभाऊ म्हणाले, "मजबुतीसाठी केलं."

आधी एक दाढ गेली, मग दुसरी. समोरचे दात हलायला लागले तेव्हा मात्र ते घाबरले. मी त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांची बायको, सरूवहिनी, हट्टानं सोबत आल्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळी हकिकत ऐकून आधी चिंच बंद केली. "काका, लाळ दात धुते, म्हणून दात टिकतात. तुमचं तोंड रात्रभर उघडं राहून सुकतं, आणि वर सकाळी ही चिंच! दातांनी करायचं काय?" मग विचारलं, घोरता का, झोपेत मधेच श्वास थांबतो का. ते स्वतःला कळत नसतं, म्हणून त्या वहिनींकडे वळल्या. वहिनी डॉक्टरीणबाईंच्या तोंडावरच्या मास्ककडे बघत राहिल्या. तेव्हा दौलतभाऊंनी वहिनींकडे तोंड करून सावकाश प्रश्न सांगितला, "मी घोरतो का, विचारून राह्यल्या."

"छ्या!" वहिनी म्हणाल्या. "समईवानी शांत झोपतेत."

मी उडालोच. दुपारी हे झोपले की माझी गिऱ्हाइकं विचारतात, झेरॉक्सचं मशीन बिघडलं का. पण दौलतभाऊ शांतपणे म्हणाले, "ती म्हणते तं नसन घोरत," आणि खुर्चीवरून उतरले.

बाहेर आल्यावर वहिनी भाजी घ्यायला पुढे गेल्या. मी भडकलो. "वहिनी धडधडीत खोटं बोलल्या आणि तुम्ही मान डोलावता?"

"खोटं नाई, भाऊ. तिले ऐकूच येत नाई." वहिनी लांब होत्या, तरी त्यांनी आवाज खाली आणला. "पहिले माहा श्वास अटकला का ती धक्का मारून कुशीवर वळवे. आता आवाजच जात नाई तिले, तं वळवन कोन?"

"मग डॉक्टरांना सांगायचं होतं!"

"तिच्यासमोर? तिनं मलेबी नाई सांगितलं अजून. लपवून राह्यली, तं मी काऊन उघडं पाडू? दात माहे हायेत. गेले तं गेले."

मला त्यांचा राग आला, आणि भरूनही आलं. दुसऱ्या दिवशी मी एकटाच जाऊन डॉक्टरीणबाईंना दुपारच्या झोपेची साक्ष देऊन आलो. दोघंच घरात, आणि ह्यांचा श्वास थांबला तर बाजूलाच असलेल्या माणसाला कळणार नाही, हे काही मला सोसेना. नागपूरला झोपेची तपासणी झाली. त्यांच्या बाहेरगावच्या मुलानं श्वासाचं मशीन पाठवलं: नाकावर मुखवटा लावायचा, मशीनमध्ये पाण्याची डबी, रात्रभर ओली हवा. समोरचे दोन दात गेले, बाकीचे वाचले.

ते मशीन मी चालवून बघितलं होतं. त्याचा आवाज कान लावला तरच ऐकू येतो. पण पहिल्याच सकाळी वहिनी गल्लीभर सांगत होत्या, "कायची झोप अन् काय! रातभर घर्र घर्र. डोळ्याले डोळा नाई लागला."

मी दौलतभाऊंकडे पाहिलं. ते मान खाली घालून कापूस भरलेली एक छोटी गादी शिवत होते.

"ही कशाला?"

"मशीनखाली ठेवतो. आवाज दबते. तिले लय तरास होऊन राह्यला." त्यांच्या चेहऱ्यावर हसू शोधून सापडलं नाही.

वहिनी डबा घेऊन आल्या. दौलतभाऊंनी गादी त्यांच्यासमोर धरली आणि एकेक शब्द ओठांनी नीट काढून म्हणाले, "आता आवाज नाई येनार."

"हे कालच काऊन नाई केलं?" वहिनी फणकारल्या.

"चुकलंच," दौलतभाऊ म्हणाले.