डबीसाहेबांचं पोट

साहेबांना आपल्या पोटाचा फार अभिमान होता. उकळलेलं पाणी, साबणाने धुतलेले हात, कापलेली नखं; जंतांची काय बिशाद! बेटावरच्या लोकांच्या पोटातले जंत शोधायला आरोग्य खात्याने त्यांना पाठवलं, तेव्हा निघताना ते बायकोला म्हणालेही, "चुटकीसरशी काम करून येतो बघ."

शौचाच्या नमुन्यासाठी त्यांनी घरोघरी झाकणाच्या डब्या वाटल्या. बेटाने त्यांचं नाव डबीसाहेब ठेवलं आणि डब्याही ठेवून घेतल्या. कुणी त्यांत मीठ भरलं, कुणी बटणं. होडीवाल्याच्या म्हाताऱ्या आईने, जिला सारं बेट आत्या म्हणे, तपकीर भरली. असली वस्तू कुणी परक्याच्या हातात देतं का, असं तिने वर साहेबांनाच सुनावलं. परतीच्या बोटीचा दिवस उजाडला तरी नमुन्यांचं पोतं रिकामंच. नमुने नाहीत तर बेटाला औषध नाही, आणि साहेबांच्या नशिबी पुन्हा प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुणं!

मग साहेबांनी हुकमी पत्ता काढला. शाळेच्या ओसरीवर सूक्ष्मदर्शक मांडला, शेजारी जंतांच्या अंड्यांचं चित्र टांगलं आणि जाहीर केलं, की आधी माझाच नमुना सर्वांदेखत तपासा. निरोगी पोट कसं असतं तेही कळेल.

"या चित्रातलं काही माझ्यात दिसलं, तर नाव बदलीन."

पहिला डोळा आत्याने लावला. मग चित्र पाहिलं. पुन्हा डोळा लावला.

"साहेब," ती मायेने म्हणाली, "मग आता नाव काय ठेवायचं?"

साहेबांनी घाईने वाकून पाहिलं. अंडी होती, आणि चांगली कुटुंबकबिल्यासह मुक्कामाला होती. धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

पण बेटाचा चेहरा खुलला. साहेबांनाच जंत, मग आपण लाजायचं कुणाला? साहेबांपेक्षा आपलं पोट बरं की वाईट, याची चुरस लागली. मीठ, बटणं, तपकीर ओतून टाकून डब्या धुतल्या गेल्या आणि बोट लागेपर्यंत भरून परत आल्या. आत्याची तर काठोकाठ होती. एवढं लागत नाही, हे सांगायचा धीर साहेबांना झाला नाही.

एकही घर सुटलं नव्हतं! अशी पाहणी खात्यात कुणाला जमली नव्हती. आता औषध नक्की येणार. साहेब छाती फुगवून घरी पोहोचले आणि दारातच पराक्रम सांगू लागले.

बायकोने तो कौतुकाने ऐकला. मग कडी न काढताच जाळीतून एक गोळी पुढे केली.

"आधी ही. मग आत."

विजयी वीराने पायरीवर बसून ती मुकाट्याने चघळली.