तात्यांच्या कुत्र्याचं नाव

आमचे शेजारी तात्या कुत्र्याला हाक मारण्याआधी दार लावून घेतात. नाव बाहेर फुटता कामा नये. कुत्रं बाहेर असलं, तर हाक न मारता स्वतः जाऊन उचलून आणतात.

तात्या एसटीत तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन इथं तेर गावात एकटेच राहतात, पण अजूनही समोरच्याकडं बिनतिकिटाचा असल्यासारखं बघतात. आज ऊन फार आहे म्हटलं तरी विचारतात, “कशावरून?”

त्यांच्या आधीच्या कुत्र्याला कुणीतरी ‘मोत्या’ म्हणून हाक मारली आणि ते खुशाल टेम्पोत चढून गेलं. “नाव समद्या गावाला ठावं. असलं नाव काय कामाचं?” म्हणून नव्या पिलासाठी पुण्यात जपानी शिकणाऱ्या भाचीला फोन गेला. ती फसवत तर नाही ना, हे बघायला मला शेजारी बसवलं. मला जपानी येतं असं त्यांना का वाटलं, देव जाणे.

“मामा, युकी ठेवा. म्हणजे बर्फ.”

“बर्फ इथं रसवंतीवर सोडून कुणी बघितलाय? नगं.”

“उमी? समुद्र.”

“तेरणा नदीला पानी न्हाय, अन् समुद्र म्हनं.”

“मग सोरा. आभाळ.”

“आभाळच कशावरून? शिवी निघाली म्हंजे?”

भाची वैतागली. पुढची नावं ऐकायच्या आधी तात्यांनी मलाही बाहेर काढलं. मला राग आला. उरलेली भाकरी मी घालायची आणि नाव मात्र मला कळू द्यायचं नाही.

गेल्या महिन्यात तात्या डोळ्याच्या ऑपरेशनला सोलापूरला निघाले. पिशवी घेऊन माझ्या दारात आले, गल्लीत दोन्हीकडं बघितलं आणि माझ्या कानात म्हणाले, “होशी. म्हंजे चांदणी.”

मीही गल्लीत दोन्हीकडं बघून घेतलं.

“रोज हाक मारा. मी नसताना कुणीच नाव घेतलं न्हाय तर मुक्या जनावरानं काय समजावं? आई गेल्यापासून मला कुणी नावानं बोलवत न्हाय. समदे तात्याच म्हणत्यात. त्याचं तसं नगं व्हायला.”

सहा वर्षांचा शेजार, आणि त्यांचं नाव मलाही ठाऊक नव्हतं. लाज वाटली. मी विचारलं.

त्यांनी संशयानं माझ्याकडं बघितलं. मग खाली वाकून पिशवीचा बंद उगाच घट्ट केला आणि हळूच म्हणाले, “लिंबाजी.”