बारा मीटर

"बारा मीटर!" अनघा सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाली. "बारा मीटरसाठी मुक्तानं पुलापलीकडच्या शाळेत जायचं?"

सुबोधने शाळेबाहेर लावलेल्या यादीचा फोटो मोबाईलवर पुन्हा मोठा करून पाहिला. बारा ते बाराच होते. महानगर मोहल्ल्यातली ही सरकारी प्राथमिक शाळा नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी इतकी नावारूपाला आणली होती, की मोटारवाले पालकही प्रवेशासाठी ताटकळू लागले होते. गर्दी आवरेना, म्हणून यंदापासून शाळेला हद्द घातली गेली. शाळेच्या फाटकापासून घराच्या फाटकापर्यंत, चालत जायच्या रस्त्याने, एक किलोमीटर. अनघा-सुबोध देवधरांचं घर भरलं होतं एक हजार बारा मीटर.

पुलापलीकडची शाळा वाईट नव्हती, पण होती दुसऱ्या टोकाला. तिथे मुलीला सोडून आलमबागच्या बँकेत वेळेवर पोचणं अनघाला अशक्य होतं, आणि रेल्वेत इंजिनियर असलेला सुबोध निम्मा महिना रुळांवर असायचा. म्हणजे ही शाळा नाही तर अनघाची नोकरी नाही, इतकं ते सरळ होतं. आणि नोकरी सोडायची नाही, हे तिनं कुणी विचारायच्या आतच सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

रविवारी पहाटे दोघं मोजायला निघाले. सुबोधकडे रस्ता मोजायचं चाक होतं. पहिल्या फेरीत एक हजार चौदा भरले, कारण वाटेत एक सांड झोपला होता आणि त्याला वळसा घालावा लागला. सांड उठल्यावर पुन्हा मोजलं. एक हजार बारा.

"मोजणी बरोबर आहे त्यांची," सुबोधने हात टेकले. "आता घर काही सरकवता येत नाही."

अनघा फाटकाशी थबकली. फाटक आवाराच्या पार पलीकडच्या टोकाला होतं. शाळेकडून येताना आधी सगळी भिंत ओलांडायची आणि मग आत वळायचं.

"घर नाही," ती म्हणाली, "पण फाटक?"

सुबोधने चाक भिंतीलगत फिरवलं. भिंत चौदा मीटर भरली, आणि आता हे होणार हे त्याला कळलं.

वरच्या मजल्यावरचे घरमालक बाजपेयीजी आधी हसले, मग अनघाचा चेहरा पाहून गंभीर झाले. "बनवा लीजिए," ते शेवटी म्हणाले. "लेकिन फाटक एक ही रहेगा, पुराना ईंटों से चुनवा दीजिए. दो हुए तो मोहल्ले भर की गायें इधर से घुसेंगी और उधर से निकलेंगी."

नवं फाटक जिथे यायचं, नेमकं तिथे इस्त्रीवाल्या छेदीलालचं टेबल होतं.

"दीदी, बाईस साल से यहीं खड़े हैं," छेदीलाल म्हणाला. "हमारे ग्राहक नींद में भी कपड़े यहीं लाते हैं."

"बस चौदह मीटर सरकना है, भैया. ऊपर से नई तिरपाल डलवा दूँगी. मुक्ता के स्कूल का सवाल है."

छेदीलाल सरकला, पण फुगून सरकला. नंतरचे चार दिवस सुबोधच्या शर्टांच्या बाह्यांना दोन-दोन घड्या येत राहिल्या. सुबोध तसाच ऑफिसला जात राहिला, कारण बोलायची सोय नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी मिस्त्रीने जुन्या फाटकाची जागा विटांनी बुजवली. बाजपेयीजी निश्चिंत होऊन लेकीकडे कानपूरला गेले. शनिवारी फेरमोजणीसाठी शाळेकडून श्रीवास्तवजी यायचे होते, म्हणून अनघा बँकेतून दोन तासांची सवलत घेऊन नव्या फाटकात उभी राहिली.

श्रीवास्तवजी आले, पण भलत्याच बाजूने. चाक ढकलत, घामाघूम होऊन, आधी बुजवलेल्या फाटकावरून पुढे गेले आणि मग तिच्यापाशी थांबले.

"आप इधर से कैसे?" अनघाने विचारलं.

"परसों से स्कूल का फाटक बदल गया, मैडम. आगे जाम लगता था, तो पीछे वाला खोल दिया. अब सबकी नाप वहीं से." त्यांनी चाकावरचा आकडा वाचला. "एक हज़ार सात."

 अनघाने भिंतीच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. "और वहाँ तक?"

"नौ सौ तिरानवे. मगर वहाँ तो दीवार है. दीवार को फाटक कैसे लिख दूँ? सूची आज ही जानी है."

"चाय तो पीकर जाइए," अनघा म्हणाली. श्रीवास्तवजींना तिनं व्हरांड्यात, भिंतीकडे पाठ करून बसवलं आणि स्वयंपाकघरात सुबोधला गाठलं. "भिंत कालचीच आहे ना? ओली असेल अजून. घण आण."

"अगं, पण बाजपेयीजी..."

"ते कानपूरला आहेत. घण आण!"

पहिला चहा संपला तेव्हा भिंतीची एक वीट हलली होती. दुसऱ्या चहाला तीन निघाल्या. तिसऱ्याला श्रीवास्तवजी हात जोडून उठलेच. अनघाने हताशपणे बाहेर पाहिलं.

आपल्या टेबलाशेजारीच चाललेली तोडफोड पाहून छेदीलाल फाटकातून आत येत होता. "साहब, कमीज़ तो देखिए अपनी! ऐसे दफ़्तर जाएँगे? दीजिए, दो मिनट."

श्रीवास्तवजींनी शर्टाकडे पाहिलं आणि ओशाळून काढून दिला. आता ते बनियनवर होते, आणि बनियनवर माणूस कुठे जाणार? छेदीलालने आपलं टेबल ओढत त्याच्या जुन्या, बावीस वर्षांच्या जागी नव्या फाटकासमोर आणलं आणि सावकाश कॉलरवर पाणी शिंपडलं. मग इस्त्री केली. मग ती पसंत न पडल्यासारखं पुन्हा पाणी शिंपडलं.

"ये ठक-ठक कैसी है?" श्रीवास्तवजींनी विचारलं.

"रेलवे वाले हैं, साहब," छेदीलाल मान न उचलता म्हणाला. "इनका चलता ही रहता है."

शर्ट अंगात चढला आणि श्रीवास्तवजी रस्त्यावर आले, तेव्हा भिंतीला कमरेएवढं भोक पडलं होतं. त्यातून आधी एक नवं दप्तर बाहेर आलं, मग विटांच्या भुकटीने लाल झालेली मुक्ता.

श्रीवास्तवजी वाकून भोकातून आत डोकावले. "इसे फाटक कहते हैं?"

"मैं तो इसी से आई हूँ, अंकल," मुक्ता म्हणाली.

त्यांनी आपल्या कडक कॉलरवरून बोट फिरवलं, छेदीलालकडे पाहिलं, सुबोधच्या हातातल्या घणाकडे पाहिलं. मग चाक भोकापाशी नेलं, आकडा तपासला आणि कागदावर लिहिलं: नऊशे त्र्याण्णव मीटर, फाटक एक, लहान.

अनघाने त्यांना हात जोडले.  

मुक्ता फ्रॉक झटकत होती. "आई, अब तुम भी रोज़ इसी में से बैंक जाओगी?"

अनघाने नव्या फाटकाकडे पाहिलं. त्याच्यापुढे टेबल पक्कं रोवून छेदीलालने पुढचा कपडा घेतला होता, आणि आज त्याला हलवायची तिची छाती नव्हती.

"हो," तिनं ओढणी खोचली. "ह्याच्यातूनच जाणार. सुबोध, अजून दोन विटा काढ."