शांत कुटुंब पाहिजे

आमची मुलं बोलतात. मुलं बोलणारच, असं तुम्ही म्हणाल. पण तुम्ही आमच्याकडे राहिलेला नाहीत. थोरली सहा वर्षांची, ती झोपेतही बोलते. धाकटा चार वर्षांचा, तो झोपेतच तिला उत्तर देतो. या गुणापायी भाड्याची चांगली चांगली घरं आमच्या हातची गेली. एका घरमालक आजोबांना धाकट्याने "तुमचे दात काढून दाखवा ना" अशी गळ घातली. दुसरीकडे थोरलीने आपणहून खात्री दिली, "आम्ही फक्त एकाच खोलीच्या भिंतींवर चित्रं काढतो."

हे घर मात्र घालवून चालणार नव्हतं. राहती जागा महिनाअखेर सोडायची होती, आणि ही नवी शाळेजवळ, हवेशीर, वर खिशाला झेपणारी. पहिल्या मजल्यावर, अगदी शेजारच्या दारात घरमालकीणबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांची अट एकच: कुटुंब शांत पाहिजे.

बायको ऑफिसातून परस्पर येणार होती, म्हणजे मुलांना घेऊन मी जायचं. तेव्हा मी एक खेळ काढला. (माझ्या कल्पना सुचताना फार सुंदर असतात.) त्या घरात जो शेवटपर्यंत गप्प राहील, त्याला खिडकीजवळचा पलंग.

"आणि तुम्ही मध्येच 'बोला' म्हणालात तर?" थोरलीने विचारलं.

"तरी बोलायचं नाही. मी मुद्दाम फसवीन!" मी ऐटीत म्हणालो.

बाईंनी दार उघडलं. पोरं दगडासारखी सोफ्यावर बसली.

"नाव काय बाळ तुझं?"

थोरलीने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. धाकट्याने तर गालच फुगवले.

"लाजतात जरा," मी म्हणालो आणि ती शांतता भरून काढायला लागलो. हवा बोललो, भाजीचे भाव बोललो, माझ्या पोटाच्या ऑपरेशनची अख्खी हकीकत बोललो. बाईंची नजर मुलांवरून हलेना.

"वडिलांची भीती वाटते का ग तुला?" त्यांनी हळूच विचारलं.

थोरलीने परवानगीसाठी पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"मारतात का रे बाबा?"

धाकट्याने उत्साहाने मान हलवली, पायातली चप्पल काढली आणि जमिनीवर फाडफाड हाणून दाखवली.

"झुरळ!" मी ओरडलो. "झुरळ मारायचं दाखवतोय तो!"

"म्हणजे घरात झुरळंही आहेत तुमच्या."

"नाहीत हो! म्हणजे होती... बोला रे पोरांनो! खेळ संपला! खरंच संपला!"

दोघांनी एकमेकांकडे बघून डोळे मिचकावले. आपला बाप किती लबाड आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात बायको आली. मुलं गप्प पाहून तिच्या हातातली पर्सच गळाली. "अगं बाई, काय झालं माझ्या लेकरांना?" म्हणत तिने दोघांची कपाळं चाचपली. "काय केलंत तुम्ही यांना?"

आता बाई उठल्या. पोलिसांना फोन करणार, अशी माझी खात्रीच झाली. पण मुख्याध्यापिका ती मुख्याध्यापिकाच! त्या दाराशी गेल्या आणि सहज म्हणाल्या, "जिन्याखाली मांजरीने पिल्लं घातलीयत. कुणाला दाखवावीत बरं?"

"मला!" दोघं एका सुरात किंचाळली.

आणि धरण फुटलं. "एकदम बोललो म्हणजे कुणीच हरलं नाही!" "पिल्लांचे डोळे उघडलेत का?" "बाबा म्हणाले बाई खडूस आहेत, बोललात तर घर मिळणार नाही!"

तिघंही जिन्याखाली गेली. खालून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते आणि वर बायको पडलेली पर्स उचलत माझ्याकडे बघत होती. मला ते घर इतकं आवडलं होतं की रडूच यायचं बाकी होतं.

बऱ्याच वेळाने बाई वर आल्या. मागे थोरली, आणि एका काखेत पिल्लू घेतलेला धाकटा.

"घर दिलं," बाई बायकोला म्हणाल्या. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "मुलांच्या गोंगाटाचं मला काही नाही, जन्म त्यातच गेला. मला सोसत नाही ती मोठ्या माणसांची बडबड. हे गृहस्थ आल्यापासून एकटेच बोलतायत. यांना गप्प ठेवायची जबाबदारी कोण घेतंय?"

बायकोने हात वर केला. थोरलीनेही केला. धाकट्यानेही केला, आणि मग काखेतल्या पिल्लाचा पंजा धरून तोही वर केला.