सखारामभाऊंच्या पोटाचे तज्ज्ञ

ज्या दुखण्याचं नाव चारचौघांत घेता येत नाही, त्याचे तज्ज्ञ चारचौघांतच सर्वाधिक संख्येने आढळतात. रत्नागिरी शहर या बाबतीत पूर्णपणे स्वयंपूर्ण आहे. सखारामभाऊ मोहिते (सेवानिवृत्त हेडक्लार्क) यांना या सुविधेचा लाभ नुकताच मिळाला.

भाऊंच्या कण्याचं ऑपरेशन झालं. कणा सरळ झाला, कळा मात्र मुक्कामालाच राहिल्या. तेव्हा कळांवर इलाज करणाऱ्या डॉ. अक्षया यांनी अफूच्या कुळातली एक जबर गोळी सुरू केली आणि सोबत आणखीही काही लिहून दिलं (डॉक्टर लिहितातच). 'अफू' म्हटल्यावर सुंदराबाईंनी पदर तोंडाला लावला. "अहो, आपल्या घरात कुणी साधी तपकीर ओढली नाय!" पण चार दिवसांत भाऊ भाट्याच्या पुलापर्यंत चालून आले आणि सुंदराबाईंनी अफूविषयीचं आपलं मत बदललं. गोळ्या दवाखान्यातच मिळाल्या होत्या. उरलेलं औषध आणायला भाऊ कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले आणि टूथब्रश घेऊन आले.

पुढचा आठवडा शांततेत गेला. फारच शांततेत. कळा बंद, आणि बाकीचंही सगळं बंद. पोट कच्च्या फणसासारखं टणक झालं. गोळी घेतली तर बसता येत होतं, पण बसून उपयोग होत नव्हता. सोडली तर कदाचित उपयोग झाला असता, पण बसता आलं नसतं.

विषय गोपनीय ठेवावा, असे भाऊंचे स्पष्ट निर्देश होते. त्यानुसार सुंदराबाईंनी तो फक्त सख्ख्या बहिणीला सांगितला. (बहीण राजापूरकडच्या नाटे गावात असते. त्यामुळे बातमी रत्नागिरीत परत यायला दुपार झाली.)

संध्याकाळपासून तज्ज्ञांची आवक सुरू झाली. एरंडेल आलं, तूप आलं, पपया आल्या, पहाटेचं गरम पाणी आणि त्याला कडाडून विरोध करणारं रात्रीचं गरम पाणी आलं. शेजारचे नझीरभाई जहाजावरून निवृत्त झालेले. ते खजूर घेऊन आले. "आमच्या बोटीवर एक खलाशी होता. समुद्र खवळला रे खवळला, की त्याचा पोट साफ!" रत्नागिरीचा समुद्र त्या आठवड्यात शांत असल्याने भाऊंना रिक्षात घालून आरे-वारेच्या वळणांवरून दोनदा फिरवण्यात आलं. रिक्षावाल्याला उलटी झाली. भाऊंना काही म्हणजे काही झालं नाही. (सल्ला देणाऱ्यांपैकी शंभर टक्के लोकांना हाच त्रास अनेक वर्षं असून तो अद्याप बरा झालेला नाही, असे चौकशीअंती निदर्शनास आले.)

मग अधिकृत तज्ज्ञ झाले. कण्याच्या सर्जननी कणा पाहून समाधान व्यक्त केलं. पोट त्यांच्या हद्दीत येत नव्हतं. कोल्हापूरच्या पोटाच्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घातली आणि आत काही नसल्याचं जाहीर केलं. "आत काय नाय?" भाऊ कळवळले. "अवो डॉक्टर, सगळा आतच हाय!" डॉक्टर म्हणाले, गोळी ज्यांनी दिली त्यांनाच विचारा. तिकडे जायला मात्र भाऊ का कोण जाणे तयार होईनात. वाटेत मेडिकलमध्ये जाऊन आले, आणि घरात आणखी एका ब्रशची भर पडली.

राहता राहिलं संशोधन. संशोधन केंद्र रत्नागिरीजवळही आहे, पण ते नारळाचं, आणि नारळाला हा त्रास नसतो. म्हणून ते काम मुंबईच्या पुतण्याने, धम्मदीपने, अंगावर घेतलं. त्याचा फोन आला. "तात्या, ह्या गोळीने तुंबलेल्या पोटावर खास औषधं निघालीत. चाचणीत एका गटाला खरी गोळी दिली, दुसऱ्याला नुसती पिठाची, खोटी. खोटीवाल्यांतसुद्धा बऱ्याच जणांचं साफ झालं!"

भाऊ उठून बसले. "मग मला ती खोटीच बघ. मिळते कुठं?"

सदर गोळी बाजारात उपलब्ध नसल्याचं कळलं.

शेवटी भाऊंनी कळांची गोळीच बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उशीत तोंड खुपसून लहान पोरासारखे रडत होते. एवढ्या वर्षांच्या संसारात सुंदराबाईंनी हे कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सुनेला, रसिकाला, हाक मारली आणि रिक्षा बोलावली.

डॉ. अक्षयांनी एकच गोष्ट विचारली. "काका, ह्या गोळीने पोट तुंबतंच. म्हणून तर जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून रोज घ्यायला सांगितलं होतं. घेताय ना?"

भाऊ पंख्याकडे पाहू लागले.

"बाबा," रसिका हळूच म्हणाली, "म्हणून ते ब्रश?"

म्हणूनच ते ब्रश. पहिल्या खेपेला काउंटरपाशी भाऊंच्या हाताखालचा जुना शिपाई उभा होता. नंतर नझीरभाईंच्या रझियाभाभी. एकदा तर भाऊंच्या आळीतलीच मृणाली गल्ल्यावर बसली होती. अशा लोकांसमोर हेडक्लार्क राहिलेल्या माणसाने जुलाबाचं औषध मागायचं कसं? दर खेपेला भाऊंनी भारदस्त आवाजात टूथब्रश मागितला. (भाऊंना दात चार. ब्रश सात.) जी गोष्ट एका काउंटरपासून लपवली, ती एव्हाना नझीरभाईंच्या जावयामार्फत कुवेतला पोचली होती.

औषध रसिकाने आणलं, दुकानात गर्दी असताना आणि खणखणीत आवाजात. गोळीही पुन्हा सुरू झाली. तिसऱ्या सकाळी भाऊ आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले, ते असा चेहरा घेऊन, की सुंदराबाईंना रडूच कोसळलं.

कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून नझीरभाईंनी विचारलं, "सखारामभाऊ, झाला काय?"

"झाला!" भाऊ ओरडले, आणि आळीत टाळ्या पडल्या.

भाऊंच्या लाजेला आपण हसलात, ते योग्यच केलंत. आता फक्त एक करा. घरच्यांचं लक्ष नाही असं बघून कपाट उघडा आणि न फोडलेले टूथब्रश मोजा.