खिडकीतले मामा

मुख्यालयाचा अधिकारी माणसं मोजायला येणार होता आणि केंद्रात माणसं तीनच होती.

किनाऱ्यावरच्या बचाव केंद्रांची फेररचना चालली होती. नियम सोपा होता. चार माणसं असतील ते केंद्र राहणार, कमी असतील ते खाडीपलीकडच्या मोठ्या केंद्रात विलीन होणार. तिथून बोट इकडच्या खडकांपर्यंत यायची म्हणजे बुडणाऱ्याने बराच धीर धरायला हवा. जुने प्रमुख होते तोवर इथे चार जण होते. ते गेल्यावर त्यांच्या खुर्चीवर त्यांचीच मुलगी बसली आणि तिची जुनी जागा रिकामी राहिली ती राहिलीच. केंद्रात तिला दोघेही ताई म्हणत, टेहळणीवाला आणि तिच्याहून थोरला इंजिनवालासुद्धा.

"तीन आहोत, तीनच सांगायचे," ताई म्हणाली. "पण केंद्र बंद होणार नाही. तो आला की मी बोलते." आणि ती बोट धुवायला खाली शेडमध्ये गेली.

वर खोलीत, खिडकीशी, मामा वाळत बसले होते. मामा म्हणजे सरावाचा पुतळा. वजन माणसाएवढं. दर आठवड्याला त्याला समुद्रात टाकायचं आणि धावत जाऊन वर काढायचं. पूर्वी सगळे त्याला अरेतुरे करत. मग त्याचा कोट फाटला, ताईने घरून वडिलांचा रेनकोट आणून त्याला चढवला, आणि कुणी काही न ठरवता त्या दिवसापासून सगळे त्याला अहोजाहो करू लागले. आज रेनकोटाची टोपी डोक्यावर होती, तोंड समुद्राकडे होतं, आणि टेहळणीवाल्याने आपली दुर्बीण मामांच्याच गळ्यात अडकवून ठेवली होती.

अधिकारी वेळेआधीच उगवला. बूट नवे, चष्म्यावर लाटांचे तुषार. फरशी ओली बघून तो दारातच थांबला.

"एक, दोन. प्रमुख बाई खाली दिसल्या, त्या तीन. आणि खिडकीतले ते?"

"ते मामा," इंजिनवाला म्हणाला.

"म्हणजे चार! चला, प्रश्नच मिटला. पण हे उठत का नाहीत?"

टेहळणीवाल्याने खरं सांगायला तोंड उघडलं. इंजिनवाला त्याच्या आधी बोलला.

"आत्ताच पाण्यातून काढलंय त्यांना, साहेब."

"अरे बापरे! या वाऱ्यात उतरले?"

"वारा असो, लाट असो, कधी नाही म्हणाले नाहीत."

"सुट्ट्या वगैरे?"

"छे. जेवायलासुद्धा उठत नाहीत." टेहळणीवाल्याने त्याच्या पायावर पाय दिला, पण इंजिनवाला आता रंगात आला होता. "आणि तक्रार म्हणाल तर तोंडातून शब्द नाही."

अधिकाऱ्याला भरून आलं. "नाहीतर आमचं मुख्यालय! खुर्चीत माणूस सापडेल तर शपथ!" त्याने तिथूनच मोठ्या साहेबांना फोन लावला. "सर, इथे एक रत्न सापडलंय. माझं ऐकाल तर यांना मोठ्या केंद्रावर प्रमुख करा. हो हो, आजच हलवू."

तो फोन ठेवतो न ठेवतो तोच इंजिनवाल्याचा चेहरा उतरला. मामा गेले की पुन्हा तीन.

"हलवू नका हो! तिकडे ते बुडतील!"

"म्हणजे? पोहता येत नाही त्यांना?"

"पोहता कुठलं येतंय! म्हणून तर काढावं लागतं!"

अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. तेवढ्यात ताई जिना चढून वर आली. दोघांच्या तोंडांकडे बघून काय ते तिच्या ध्यानात आलं. ती खिडकीशी गेली आणि तिने मामांच्या डोक्यावरची टोपी मागे सारली. मामांना नाक नव्हतं.

"हा पुतळा आहे, सर. आम्ही तिघंच आहोत."

बुटांचा विचार सोडून अधिकारी ओल्या फरशीवरून आत आला. त्याने मामांचा हात उचलला आणि सोडला. हात धप्पकन खाली पडला.

"अहो, पण मी वर कळवून बसलो!" त्याचा आवाज पार खाली गेला. "बाई, राहू दे ना चार. तुमचं केंद्र राहतंय, माझी अब्रू राहतेय. कोण बघायला येतंय?"

इंजिनवाला आणि टेहळणीवाला आशेने ताईकडे बघू लागले. ताईचा हात अजून रेनकोटाच्या खांद्यावर होता.

"नाही. बोट उलटली की आम्ही आधी विचारतो, आत किती होते. कुणी एक जास्त सांगितला, तर जो नाहीच त्याला शोधत बसतो आम्ही, आणि जे आहेत ते तसेच गटांगळ्या खातात. बाबांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. फोन लावा. खरं ते तुम्ही सांगा, पुढचं मी बोलते."

अधिकाऱ्याने घाम पुसत सांगितलं. पलीकडे मोठे साहेब जे हसत सुटले, ते खोकला लागेपर्यंत.

ताईने फोन हातात घेऊन स्पीकरवर टाकला. "सर, मला चौथा माणूस हवा. खाडीपलीकडची बोट निघेपर्यंत आम्ही माणूस किनाऱ्यावर आणून त्याला चहा पाजलेला असतो. पटत नसेल तर दोन्ही बोटी एकदम सोडून बघा."

"पोहणाराच हवा?"

"कसाही द्या. पोहायला आम्ही शिकवू."

"मग प्रश्नच नाही. तुमच्या समोर उभा आहे तो घ्या."

"सर!" अधिकारी फोनजवळ वाकला. "मी?"

"अहो, आपल्या मुख्यालयाचीपण फेररचना निघाली सकाळी. तुमचं टेबल शेजारच्या टेबलात विलीन झालं. तुम्हाला बसवायचं कुठे, या काळजीत होतो मी."

"पण सर, मी तपासणीतला माणूस..."

"तुमची तपासणी आत्ताच ऐकली," असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

अधिकाऱ्याने खाली बसून एकेक बूट काढला, उलटा करून त्यातलं पाणी ओतलं आणि दोन्ही बूट नीट भिंतीशी लावून ठेवले.

"इथे चहा कोण करतं?" त्याने विचारलं.

"जो नवा असेल तो," इंजिनवाला म्हणाला.

"किती कप ठेवू?"

ताई सवयीने "तीन" म्हणणार होती. तिने भिंतीशी लावलेल्या बुटांकडे बघितलं.

"चार," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने स्टो पेटवण्याआधी एकेकाच्या तोंडाकडे निरखून बघत पुन्हा एकदा मोजून घेतलं.